वल्हांडणाचे ताट आणि अनाशी ढाकायचा सण
सणांच्या द्वारे परसंस्कृती शिकवण्याच्या पद्धतीची चिकित्सा

१

परधर्मीयांची ओळख विद्यार्थ्यांस करून देण्याची एक पद्धत आपल्या शाळांत, रविवारच्या वर्गांत आणि ईश्वरविद्येच्या संस्थांतही आता सर्वमान्य झाली आहे. ती पद्धत म्हणजे सणांची. वर्षाच्या अभ्यासक्रमात दिवाळीस एक तास, ईदेस एक तास, बुद्धपौर्णिमेस एक तास आणि नाताळास एक तास, अशी वाटणी होते. मुले आकाशकंदील करतात, शीरकुर्म्याची कृती वहीत उतरवून घेतात, भिंतीवर तारा लावतात. तास संपतो, आणि एक समाज शिकवून झाला असे शिक्षकास वाटते. या पद्धतीमागील हेतू सद्हेतू आहे याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परस्परांविषयी अज्ञान असण्यापेक्षा थोडे ज्ञान असणे बरे, हे कोणीही मान्य करील. आमची शंका आहे ती फलाविषयी. या तासातून विद्यार्थ्याच्या हाती जे पडते ते ज्ञान असते, की अज्ञानावर चढवलेले एक रंगीत वेष्टन असते, हा प्रश्न आहे.

आपण ख्रिस्ती लोकांनी तरी हा प्रश्न विचारावयास हवा, कारण या पद्धतीचा विषय होण्याचा अनुभव आपणांस आहे. शाळेच्या पाठात नाताळ येतो तो कापसाचा बर्फ, तांबड्या झग्यातील म्हातारा आणि केकचा तुकडा घेऊन. आगमनकाळातील प्रतीक्षा त्यात नसते. हेरोदाच्या भीतीने रातोरात मिसर देशास निघालेले कुटुंबही नसते. आणि उत्तम शुक्रवार? तो पाठात आला तर 'सण' या मथळ्याखाली येतो, व त्या दिवशी शेजारी आपणांस प्रेमाने शुभेच्छा देतात. हैदराबादेतील वाचकांनी असाच प्रकार मोहरमच्या बाबतीत पाहिला असेल. आशुऱ्याच्या दिवशी बीबी का अलावा येथून अलम निघतो, काळ्या वस्त्रांतील शिया समाज करबलेतील हौतात्म्याचा शोक करीत त्यामागून चालतो. आणि त्याच दिवशी परगावच्या एखाद्या भल्या गृहस्थाकडून 'सणाच्या' शुभेच्छा येऊन पोहोचतात. त्या गृहस्थाचा दोष एवढाच, की त्याला लहानपणी सर्व समाज सणांच्या एकाच साच्यातून शिकवले गेले, आणि त्या साच्यात शोकाला खण नव्हता.

तथापि दुसऱ्यांनी आपले चित्र कसे काढले याची तक्रार करणे सोपे आहे. आपण दुसऱ्याचे चित्र कसे काढतो हे तपासणे अधिक उपयोगाचे. म्हणून प्रस्तुत लेखात एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत नेण्याचे योजिले आहे. ते उदाहरण आपल्याच वर्गातले आहे : यहूदी लोकांची ओळख करून देण्यासाठी पवित्र सप्ताहात मांडले जाणारे वल्हांडणाचे भोजन.

२

काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेत असे भोजन प्रस्तुत लेखकाने पाहिले. पवित्र सप्ताहातील गुरुवारची संध्याकाळ होती. लांब मेजावर पांढरी चादर, त्यावर मेणबत्त्या. बेखमीर भाकरीच्या जागी बिनतेलाच्या चपात्या, कडू भाजीच्या जागी कारल्याच्या चकत्या, खजुराचा लगदा, मिठाचे पाणी, कोकराचे एक हाड, आणि द्राक्षरसाचे चार पेले. जुना करार शिकवणारे प्राध्यापक कुटुंबप्रमुख झाले होते. सर्वांत तरुण विद्यार्थ्याने नेमलेले प्रश्न विचारले व प्राध्यापकांनी उत्तरे दिली. मधल्या भाकरीचे दोन तुकडे करून एक लपवला, तेव्हा त्यांनी सांगितले की तीन भाकरी म्हणजे त्रैक्य आणि मोडलेली मधली भाकर म्हणजे ख्रिस्त. यहूदी लोक हे दरवर्षी करतात, परंतु त्याचा अर्थ त्यांस उमगत नाही. विद्यार्थी भारावून गेले. कार्यक्रम खरोखरच सुबक झाला होता.

जेवण आटोपल्यावर रायगड जिल्ह्यातून आलेला एक विद्यार्थी जवळ आला. त्याच्या शाळेच्या वाटेवर 'इस्राएल आळी' नावाची आळी लागत असे, तीत एक मशीद होती, पण ती मुसलमानांची नव्हती. तेथल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या दारावरून तो रोज जात असे. बाई मराठीच बोलत, नऊवारी नेसत. त्याने संकोचाने विचारले, "सर, त्या बाई हेच लोक का?"

या प्रश्नाने त्या सायंकाळची सारी परीक्षा केली असे आम्हांस वाटते. दोन तासांच्या भोजनाने यहूद्यांविषयी बरेच काही दाखवले होते. परंतु ज्या यहूदी स्त्रीस तो विद्यार्थी लहानपणापासून ओळखत होता, तिच्यापर्यंत त्याला पोहोचवले नव्हते. उलट, मेजावरील यहूदी आणि आळीतील यहूदी यांत इतके अंतर पाडले होते की ती एकच माणसे असतील हे त्याला विचारून घ्यावे लागले.

३

प्रथम त्या मेजाविषयी. ते प्रभूच्या काळचे वल्हांडण होते असे विद्यार्थ्यांस सांगण्यात आले. हे इतिहासाला धरून नाही. प्रभूच्या काळी वल्हांडणाचे केंद्र यरुशलेमातील मंदिर होते. तेथे कोकरू बळी देऊन त्याचे मांस कुटुंबे खात. इ. स. ७० मध्ये रोमी सैन्याने मंदिर उद्ध्वस्त केले आणि तो बळी थांबला. त्यानंतर बळीविना हा सण कसा पाळावा, हा प्रश्न रब्बींपुढे उभा राहिला, आणि घरातील भोजनाचा क्रम हे त्याचे उत्तर होते. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नाच्या पेसाहीम या प्रकरणात या क्रमाची रूपरेषा आढळते. 'हग्गादा' या नावाने परिचित असलेली संहिता तर त्यानंतर अनेक शतके घडत राहिली. ताटातील हाड हे कोकरू नव्हे. कोकरू आता नाही याची ती खूण आहे. म्हणजे ज्या वस्तूंना आपण प्रभूच्या हातातील वस्तू समजून हाताळतो, त्यांपैकी अनेक वस्तू मंदिरनाशाच्या दुःखातून वर आलेल्या आहेत. ते दुःख वगळून ताट मांडले की ताट उरते, अर्थ उरत नाही.

शेवटल्या भोजनाच्या तिथीचा प्रश्नही तितका सरळ नाही. पहिली तीन शुभवर्तमाने ते भोजन वल्हांडणाचे मानतात. योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे मात्र प्रभूचा मृत्यू वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशी, म्हणजे ते भोजन होण्यापूर्वी झाला. आपले विद्यार्थी ही चर्चा नव्या कराराच्या तासाला शिकतात, आणि गुरुवारच्या मेजावर बसताना विसरतात. हा दोष त्यांचा नाही. समोर मांडलेले दृश्य हे पुस्तकातील शंकेपेक्षा नेहमीच बलवान ठरते. सणाच्या प्रात्यक्षिकाचे सामर्थ्य जिथे आहे, तिथेच त्याचा धोकाही आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तीन भाकरींचा जो अर्थ प्राध्यापकांनी सांगितला, तो यहूद्यांना विचारून सांगितला नव्हता. त्यांच्याकडे त्या भाकरींचे स्वतःचे अर्थ आहेत. याजक, लेवी आणि इस्राएल हे तीन वर्ग, असा एक अर्थ प्रचलित आहे. तो बाजूस सारून 'त्यांस उमगत नाही' असे म्हणणे म्हणजे पाहुण्याने यजमानाच्या घरात शिरून त्याच्या ताटाचा अर्थ त्यालाच सांगणे होय. आणि हे घर ख्रिस्ती पाहुण्याला नवखे नाही. इ. स. ११४४ मध्ये इंग्लंडमधील नॉर्विच येथे एका मुलाच्या मृत्यूचा आळ यहूद्यांवर घातला गेला. पुढे यहूदी लोक वल्हांडणाच्या भाकरीत ख्रिस्ती मुलांचे रक्त कालवतात, अशी भयंकर कंडी युरोपभर पसरली. कित्येक शतके पवित्र सप्ताह हा यहूदी वस्त्यांच्या भीतीचा सप्ताह होता. रोमन कॅथलिक मंडळीने उत्तम शुक्रवारच्या प्रार्थनेतून यहूद्यांविषयीचे अपमानकारक विशेषण १९५९ मध्ये काढले, आणि १९६५ च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात प्रभूच्या मृत्यूचा दोष सर्व यहूद्यांवर लादणे अमान्य केले. हा इतिहास भारतात घडला नाही, म्हणून तो आपला नाही असे आपण समजतो. परंतु पूजाविधी, टीकाग्रंथ आणि प्रवचनांची टिपणे आपण ज्या परंपरेतून घेतली, त्याच परंपरेतून हा इतिहासही आपणाकडे आला आहे. ज्या सप्ताहात शेजाऱ्याने दारे लावून घेतली, त्याच सप्ताहात त्याचे ताट आपल्या मेजावर मांडताना हात थोडा थांबावयास हवा.

४

आता आळीतील बाईंकडे वळू. बेने इस्राएल समाजाची परंपरा अशी की, त्यांचे पूर्वज अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. नेमका काळ कोणता, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. निश्चित एवढेच की शतकानुशतके हे लोक कोकणातील गावांत तेलघाणे चालवीत राहिले, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून 'शनवार तेली' म्हणवले गेले, आणि केहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर अशी गावांची आडनावे लावू लागले. मुंबईतील त्यांचे पहिले सभास्थान, शाआर हारहमीम, १७९६ मध्ये सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी बांधवले. सभास्थानाला ते मशीद म्हणत.

या समाजाच्या जुन्या सणांची नावे हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी नोंदून ठेवली आहेत. त्यांचा इतिहासग्रंथ १८९७ मध्ये लिहून झाला, पण १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. ती नावे आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा मोठ्याने वाचावीत अशी आहेत. वर्षारंभाचा सण तो नव्याचा सण. त्यानंतर खिरीचा सण. नव्या धान्याची, नारळाच्या रसातील खीर त्या दिवशी होई, आणि मांडवांच्या सणाशी त्याचा संबंध जोडला जातो. प्रायश्चित्ताचा दिवस तो दारफळणीचा सण; त्या दिवशी शुभ्र वस्त्रे नेसून, दारे लावून माणसे घरातच राहत. दुसऱ्या दिवशी दानधर्म आणि भेटीगाठी, तो शिळा सण. पुरीम तो होळीचा सण. वल्हांडण तो अनाशी ढाकायचा सण. आणि यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा उपासाचा दिवस तो बिरड्याचा सण.

या नावांपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण लेवीयच्या तेविसाव्या अध्यायातील सणांचा तक्ता जे सांगत नाही ते ही नावे सांगतात. अनास म्हणजे स्वयंपाकघरातील आंबट पाण्याचे मडके. कालवणात घालावयाचे आंबट त्यात साठवलेले असे. वल्हांडणाच्या दिवसांत आंबलेले काही चालावयाचे नाही, म्हणून ते मडके झाकून बाजूस ठेवीत. ज्या समाजाजवळ शतकानुशतके हग्गादा नव्हता, ज्याला इब्री येत नव्हते, त्याने मिसर देशातून सुटल्याची आठवण एका मडक्यावरील झाकणात जपली. आणि ते झाकण कोणाच्या हातचे? घरातील बाईच्या. घराला चुना द्यावयाचा, तांब्याच्या भांड्यांना कल्हई करून घ्यावयाची, मनुका भिजवून द्राक्षारसाच्या जागी सरबत करावयाचे, ही सारी कामे तिची. कुटुंबप्रमुखाच्या आसनाभोवती रचलेल्या आपल्या गुरुवारच्या प्रात्यक्षिकात तिला जागाच नव्हती. मेजावर सारे तयार होते. ते तयार कोणी केले, हा प्रश्न चार प्रश्नांत नव्हता.

बिरड्याच्या सणाचे तर काय सांगावे! बाबेलच्या व पुढे रोमच्या सैन्याने केलेल्या मंदिरनाशाचा हा दिवस आब महिन्याच्या नवमीस येतो, म्हणजे बहुधा आपल्या श्रावणात. श्रावणात कोकणातील घरोघरी कडव्या वालांचे बिरडे होते. वाल भिजवावे, मोड आणावे, कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलावा. बेने इस्राएल समाजातही त्या दिवसांत मांस वर्ज्य असे, आणि उपासाशी जोडलेल्या बिरड्यावरून दिवसाला नाव पडले असे सांगतात. यरुशलेमच्या दगडांसाठीचा शोक कोकणच्या वालात सामावला. शोक म्हणजे काय, हे विद्यार्थ्यास शिकवावयाचे असेल तर यापरते चांगले साधन कोणते? आणि सणाच्या रंगीत पाठात ते कधीही येणार नाही, कारण बिरडे सोलण्यात पाहण्यासारखे काही नाही.

५

येथे कोणी म्हणेल की ही नावे म्हणजे भेसळ आहे. शास्त्रातील शुद्ध सण एकीकडे आणि शेजाऱ्यांच्या अनुकरणाने बदललेले हे सण दुसरीकडे. विद्यार्थ्यांच्या तोंडी हा आक्षेप हमखास येतो, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे.

होळीचेच नाव घ्या. इब्री महिना अमावास्येनंतरच्या चंद्रदर्शनाने सुरू होतो, आणि आपला मराठी महिनाही अमावास्येनंतर सुरू होतो. इब्री पंचांगात एकोणीस वर्षांत सात अधिक महिने धरतात. आपल्याकडे साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास येतो. म्हणून दोन्ही पंचांगे बहुतेक वर्षी हातात हात घालून चालतात. अदार महिन्याच्या चौदाव्या दिवसाचा पुरीम फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारास येतो, निसान महिन्यातील वल्हांडण चैत्री पौर्णिमेच्या सुमारास, आणि तिश्री महिन्याच्या दशमीचा प्रायश्चित्ताचा दिवस आश्विन शुद्ध दशमीच्या सुमारास. २०२५ साली १३ मार्चच्या रात्री होळी पेटली, त्याच संध्याकाळी पुरीम लागला. १२ एप्रिलला चैत्री पौर्णिमा, त्याच सायंकाळी वल्हांडण. २ ऑक्टोबरला दसरा, त्याच दिवशी प्रायश्चित्ताचा उपास. २०२३ साली मात्र हे दोन दिवस महिन्याने दूर गेले, २५ सप्टेंबर आणि २४ ऑक्टोबर असे. कारण आपला अधिक श्रावण त्या वर्षी येऊन गेला होता, आणि इब्री अधिक अदार पुढल्या वर्षी यावयाचा होता. ज्या समाजाजवळ छापील पंचांग नव्हते, त्याने शेजाऱ्याच्या होळीवरून आपल्या सणाची वेळ ओळखली व नावही तेच दिले, यात अनुकरणापेक्षा कालनिर्देशच अधिक असावा. चंद्र एकच होता.

आणि या चंद्राखाली आपणही आहोत. निकया येथील परिषदेनंतर (३२५) पुनरुत्थानाचा रविवार वसंतसंपाताच्या पौर्णिमेनंतर धरण्याची रीत रूढ झाली. म्हणूनच आपला उत्तम शुक्रवार सहसा चैत्री पौर्णिमेच्या जवळपास असतो, आणि कधी २०२४ प्रमाणे महिनाभर आधी, ३१ मार्चलाच, पुनरुत्थानाचा रविवार येऊन जातो. एका फळ्यावर तीन पंचांगे मांडून ही जवळीक व हे अंतर विद्यार्थ्यांकडून काढून घेतले, तर एका तासात ते जितके शिकतील तितके दहा भोजनांत शिकणार नाहीत. पंचांगात नाट्य नसते, पण त्यात कोणाची थट्टाही होत नाही.

शुद्धतेच्या आक्षेपाला दुसरे उत्तर आपल्या ताटात आहे. मराठी ख्रिस्ती घरात नाताळास करंज्या आणि चकल्या होतात. नारायण वामन टिळकांनी प्रभूचे गुणगान अभंगांतून व कीर्तनांतून मराठी मंडळीस दिले. आपण याला भेसळ म्हणत नाही, सुवार्तेने मराठी देह धारण केला असे म्हणतो. बेने इस्राएल समाजातही १८८० च्या सुमारास कीर्तने होऊ लागली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठीत लागली. जे आपल्या बाबतीत देहधारण ते शेजाऱ्याच्या बाबतीत भेसळ, असे म्हणणाऱ्या अध्यापकाने आपला तराजू तपासावा.

६

या चिकित्सेवर दोन आक्षेप रास्तपणे घेता येतील. पहिला असा की, जुना करार हे आपलेही शास्त्र आहे. निर्गमाची कथा आपलीही आहे. मग तिचे भोजन आपण का मांडू नये? याचे उत्तर असे की निर्गमाची कथा आपली आहे, आणि तिचे आपले भोजनही आपणाजवळ आहे. प्रभुभोजनाच्या मेजाशी निर्गमाची सारी भाषा आपण वापरतो. करिंथकरांस लिहिताना पौलाने जुने खमीर काढून टाकण्याचा दाखला दिला तो याच अर्थाने. आपले मेज मांडलेले असताना शेजाऱ्याच्या मेजाची प्रतिकृती करण्याचे प्रयोजन राहत नाही. मुलाने विचारावे आणि बापाने सांगावे, ही आज्ञा निर्गमातच आहे. म्हणजे सण ही एक शाळा आहे, यात वाद नाही. परंतु ती एका घराची, आपल्या मुलांसाठी चालवलेली शाळा आहे. मिसर देशातून आम्ही निघालो असे सांगणारा ज्या खोलीत कोणीच नाही, त्या खोलीत ते प्रश्नोत्तर नाटक होते. त्या घरी जाऊन, बोलावले असता, कोपऱ्यात बसून ऐकणे हे शिक्षण होय.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. बेने इस्राएलांची जुनी नावे मोठ्या कौतुकाने वर्गात सांगून आपण त्यांनाही एका संग्रहालयात तर बसवीत नाही ना? हा आक्षेप आम्ही मान्य करतो. ती नावे आज बहुतेक घरांत चालत नाहीत. आजचा गृहस्थ पेसाह व योम किप्पूर असेच म्हणतो. हा बदल कसा झाला, यात आपल्या पूर्वसूरींचा हात आहे. अमेरिकन मराठी मिशनने गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढल्या. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून इब्री व्याकरण प्रसिद्ध केले. जुना करार मराठीत आला आणि बेने इस्राएलांनी तो वाचला. मिशनऱ्यांची अपेक्षा वेगळी होती. घडले ते वेगळेच. बाप्तिस्मा घेणारे थोडे निघाले. पण समाज इब्री शिकला, आपल्या शास्त्राशी नव्याने जोडला गेला, कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी पूर्वीच आरंभिलेले काम पुढे नेऊ लागला. हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये व पुण्यात १८७४ मध्ये छापून निघाला. केहीमकर यांनी १८७५ मध्ये समाजाची शाळा काढली. आपले पूर्वसूरी शिकवावयास गेले होते. शिकणाऱ्यांनी त्यातून आपल्याला हवे ते घेतले आणि आपलेच घर बांधले. परसंस्कृती शिकवणाऱ्यास याहून नम्र करणारा धडा मिळणार नाही.

म्हणून जुनी नावे शिकवावीत ती इतिहास म्हणून, आणि त्यांच्यापुढचा इतिहासही शिकवावा. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तेथे १९६२ मध्ये त्यांच्या विवाहांविषयी मुख्य रब्बींच्या कचेरीने पूर्वजांची चौकशी करण्याचा नियम काढला. समाजाने निदर्शने केली, आणि १९६४ मध्ये त्यांना सर्व बाबतींत यहूदी मानण्यात यावे अशी भूमिका तेथील शासनास घ्यावी लागली. कोकणात ज्यांना शनिवार पाळतात म्हणून वेगळे ओळखले गेले, त्यांना यरुशलेमात तुम्ही यहूदी आहात काय असे विचारले गेले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहूद्यांना अल्पसंख्याक समाज म्हणून मान्यता दिली, तेव्हा येथे काही हजारच उरले होते. हे सारे कोणत्याही सणाच्या पाठात बसत नाही. पण हे ठाऊक नसता सण ठाऊक आहे असे म्हणता येत नाही.

७

तर मग सणांची पद्धत टाकून द्यावी काय? तसे आमचे म्हणणे नाही. सण हे दार आहे, आणि दाराचा उपयोग आत जाण्यासाठी आहे. आमची तक्रार दारावरच तोरण बांधून परत फिरणाऱ्यांविषयी आहे. ज्या अध्यापकास सणापासून आरंभ करावयाचा असेल, त्याने काही प्रश्न स्वतःस व विद्यार्थ्यांस विचारावेत. हा सण कोणत्या पंचांगाने येतो? त्याला घरात कोणत्या नावाने हाक मारतात, आणि ते नाव कोणत्या कामावरून वा पदार्थावरून आले? त्या दिवशी सर्वांत आधी कोण उठते? काय वर्ज्य असते, आणि कशासाठी रडतात? हा दिवस शंभर वर्षांपूर्वी कसा होता, आणि बदलला तो कोणामुळे? शेवटचा प्रश्न असा की, या प्रश्नांची उत्तरे आपण कोणाला विचारली? उत्तर 'पुस्तकाला' असे आले, तर एक जिवंत घर अजून गाठावयाचे आहे असे समजावे.

आपल्या संस्थांच्या अभ्यासक्रम समित्यांपुढे एक सूचनाही ठेवावीशी वाटते. पवित्र सप्ताहातील यहूदी भोजनाचे प्रात्यक्षिक बंद करावे. त्याच्या जागी जुन्या कराराच्या वर्गात एक तास तीन पंचांगांना, एक तास मंदिरनाशानंतरच्या यहूदी धर्माच्या घडणीला, आणि एक तास मराठी यहूद्यांच्या इतिहासाला द्यावा. जेथे शक्य असेल तेथे, पवित्र सप्ताह सोडून इतर वेळी, सभास्थानाच्या विश्वस्तांची आधी परवानगी घेऊन भेट द्यावी. आणि त्या भेटीत आपण प्रवचन करू नये. परीक्षेत सणांमधील ख्रिस्ताच्या छाया दाखवा असा प्रश्न असतोच. त्याच्या शेजारी, हा सण पाळणारा मनुष्य स्वतः त्याचा अर्थ काय सांगतो ते लिहा, असाही एक प्रश्न असावा. दोन्ही उत्तरे लिहू शकणारा विद्यार्थीच पहिल्या उत्तरावर बोलण्यास पात्र ठरेल.

रायगडच्या त्या विद्यार्थ्याने सुटीत गावी गेल्यावर बाईंचे दार ठोठावले. पुढे त्याने पत्रात लिहिले की त्यांनी त्याला ओळखले, पाट दिला, आणि तू रोज दारावरून पळत जायचास म्हणून थट्टा केली. सणांविषयी विचारल्यावर त्या म्हणाल्या की त्यांची आजी काही वेगळीच नावे घेत असे, पण त्यांना आता एकच आठवते. त्या वाल सोलीत बसल्या होत्या. त्याने विचारले, मी सोलू का? त्यांनी परात त्याच्याकडे सरकवली.